खाऱ्या भरावावरचे रस्ते : मुंबई पोर्ट ट्रस्टच्या जमिनीचा इतिहास

घोडपदेवच्या नाक्यावरून पूर्वेला चालत फेरबंदरला या. बंदर म्हणावे असे तिथे काही दिसत नाही. चाळी आहेत, टपऱ्या आहेत, रांगेने उभे ट्रक आहेत. पुढे बॅरिस्टर नाथ पै मार्ग, म्हणजे जुना रे रोड. त्यापलीकडे हार्बरची लाइन, तिच्या पलीकडे गोदामे, आणि मग कुठे पाणी. समुद्र मागे गेला, नाव तेवढे जागेवर राहिले. कोळसा बंदर, लकडी बंदर, हाय बंदर, टँक बंदर ही आजूबाजूची नावेही तशीच. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'बंदरावर गेला' म्हणजे कामावर गेला, असा सरळ अर्थ होता.

ही जमीन कुणी केली, तर मुख्यतः मुंबई पोर्ट ट्रस्टने. गोद्या, बोटी, कामगारांचे संप आणि लढे यांवर लिहिणारी अधिकारी मंडळी पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याला आलेला विषय पायाखालचा आहे. रस्त्याखालची माती तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे संस्थेचा इतिहास सांगतानाही मला आधी जमीनच दिसते. ही जमीन खारी आहे, आणि तिच्यावर दीडशे वर्षे जड वाहतूक चालली आहे. ते कसे जमले आणि कुठे कुठे जमले नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

पोर्ट ट्रस्टची स्थापना २६ जून १८७३ ची. पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड, ज्यांच्या नावाची बॅलार्ड इस्टेट आजही आहे. पण भरणीचे काम त्याआधीच सुरू झाले होते. भाऊ अजिंक्य यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराचा केरकचरा टाकून धक्का उभा केला, तो 'भाऊचा धक्का'. आजचा धक्का त्या जागी नाही, पण नाव त्यांचेच. पुढे एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणात भरणी केली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये तो कोसळला आणि भरणीच्या कंपन्याही अडचणीत आल्या. एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता सरकारने विकत घेतली आणि ट्रस्ट स्थापन झाल्यावर ती ट्रस्टकडे आली. म्हणजे ट्रस्टला जन्मतःच मिळाली ती अर्धवट सुकलेली, खाली चिखल असलेली जमीन.

प्रिन्सेस डॉक १ जानेवारी १८८० ला सुरू झाला. त्याची खोदाई चालू असताना जे सापडले, ते या जमिनीच्या इतिहासातले मला सर्वांत आवडणारे पान आहे. समुद्राच्या पातळीखाली चिखलात गाडलेले एक जंगल निघाले. शेकडो झाडे, त्यातली पुष्कळशी मुळांवर उभी, आणि लाकूड खैराचे. खैर हे कोरड्या डोंगरउताराचे झाड. जिथे खैर वाढला तिथे एके काळी कोरडी जमीन होती, नंतर ती खाली गेली, वर भरतीचा चिखल साचला, आणि त्या चिखलात माणसाने गोदी खणली. व्हिक्टोरिया डॉक १८८८ ला आणि अलेक्झांड्रा डॉक, आताचा इंदिरा डॉक, १९१४ ला सुरू झाला. आणि आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या पंधरा-वीस वर्षांत, कंटेनर टर्मिनलसाठी प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या पुन्हा भरून टाकल्या. कोरडे, ओले, पुन्हा कोरडे. खालच्या मातीने हे सगळे सोसले आहे.

घोडपदेवच्या दृष्टीने महत्त्वाची ती माझगाव-शिवडी भरणी. १९०८ ते १९१२ या चार-पाच वर्षांत ५८३ एकर जमीन समुद्रातून काढली गेली. कुर्ल्याहून येणारी हार्बर लाइन रे रोडपर्यंत १९१० च्या डिसेंबरात आली. १ जानेवारी १९१५ ला ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. धान्याची कोठारे झाली, कोळशाचे डेपो झाले, आणि कुलाब्याचा कापूस शिवडीला आला. कॉटन ग्रीन हे नाव कुलाब्याहूनच त्याच्याबरोबर आले. कापसाच्या गासड्या, पोलादाचे गज, रेल्वेचे रूळ, लाकडाचे ओंडके, सगळे या रस्त्यांवरून बैलगाडीने आणि हातगाडीने जायचे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती रुंदीला चार बोटेही नसते आणि टनाचा भार त्या चार बोटांवर येतो. धावेने रस्ता कापला जायचा, आणि कापलेल्या जागी पाणी शिरायचे. आज रबरी टायरचे ट्रेलर येतात, पण तीस-चाळीस टन घेऊन. जमिनीच्या दृष्टीने सुटका कधीच झाली नाही.

आता या मातीविषयी.

काही वर्षांपूर्वी या पट्ट्यातल्या एका रस्त्यावर चर खणलेला मला नीट पाहता आला. मी टेप घेऊन आत उतरलो. वर डांबराचे थरावर थर, जवळजवळ वीतभर. त्याखाली खडी. मग डबर, हाताने बसवलेले जुने सोलिंग. मग पिवळा मुरूम, त्यात विटांचे तुकडे, कौले, आणि कोळशाच्या राखेचा एक काळसर पट्टा. कमरेच्या खाली गेल्यावर फावड्याला आवाज येईनासा झाला. निळसर काळा, लोण्यासारखा मऊ चिखल, त्यात कालवांच्या शिंपल्या, आणि सडक्या अंड्याचा वास. कामावरच्या एका म्हाताऱ्या मुकादमाने त्या चिखलाचा कण जिभेवर ठेवला, थुंकला आणि म्हणाला, "साहेब, दर्या हितंच हाय अजून."

दोन दिवस चर उघडा राहिला. एप्रिलचे ऊन होते. तिसऱ्या दिवशी मुरुमाच्या थराच्या वरच्या काठावर, बरोबर खडीच्या खाली, पांढरी बुरशी आल्यासारखी रेघ उमटली. बोटाने पुसली तर पुन्हा संध्याकाळपर्यंत आली. जुन्या घराच्या भिंतीला लागतो तोच हा लोणा. भिंतीचा लोणा आपल्या सर्वांना माहीत आहे. चुना सुटतो, रंगाचे पापुद्रे निघतात, भिंत भुसभुशीत होते. रस्त्याला लागतो तेव्हा तो डांबराखाली असतो, म्हणून दिसत नाही.

यामागचे कारण साधे आहे. खालच्या चिखलातले पाणी म्हणजे जवळजवळ समुद्राचेच पाणी, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे हे पाणी मुरुमाच्या आणि बारीक मातीच्या छिद्रांतून वर चढते. वर पोचले की वाफ होऊन जाते आणि मीठ मागे राहते. पातळ डांबरी थराच्या पोटाशी मिठाचे खडे वाढू लागले की ते थराला वर ढकलतात. आधी नाण्याएवढे फुगवटे येतात, मग त्यांना चिरा पडतात. सोडियम सल्फेट असेल तर आणखी वाईट. ते सुमारे ३२ अंशांच्या खाली पाणी शोषून बसते आणि चौपटीच्या घरात फुगते, तापमान वर गेले की पाणी सोडते. मुंबईच्या उन्हाळ्यात दुपार आणि पहाट या दोन्ही बाजूंना ही सीमा ओलांडली जाते. आणि जूनमध्ये पाऊस आला की साचलेले मीठ विरघळून जाते, आणि जिथे मीठ होते तिथे पोकळी राहते. खड्डा पावसाने पडला असे आपण म्हणतो. त्याची तयारी उन्हाळ्यात झालेली असते.

हे ज्ञान सुरुवातीच्या पिढीकडे सूत्रांच्या रूपात नव्हते, पण हातात होते. त्यांनी केले ते असे: समुद्राकडून दगडी बांध घालायचा, आत भराव टाकायचा, तो बसू द्यायचा, वर मुरूम पसरायचा आणि रस्त्याच्या जागी डबर चिखलात 'जिरेनासा' होईपर्यंत टाकत राहायचा. मोठ्या दगडांच्या थरातून पाणी वातीसारखे चढत नाही, कारण फटी मोठ्या असतात. त्यांनी तो थर भारासाठी टाकला, पण मिठाचा रस्ताही त्यानेच तोडला. चरात मी पाहिलेले सोलिंग हाताने बसवलेले होते, ते कुणा अनामिक पाथरवटाचे काम. त्याच्यावर आज ट्रेलर चालतात.

मोजमापाचा काळ नंतर आला, आणि त्यात एका मुंबईकराचा वाटा मोठा आहे. मुकुंदराव जयकर पोर्ट ट्रस्टच्या स्थापनेच्याच साली, १८७३ मध्ये जन्मले. १९२७ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि १९५२ मध्ये दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था उभी राहिली. मराठी वाचक जयकरांना वकील, नेते आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. आम्ही रस्तेवाले त्यांना दुसऱ्याच कारणासाठी मानतो. जयकर समितीच्याच सुमारास कॅलिफोर्नियात मातीच्या ताकदीची सीबीआर चाचणी निघाली, जी आजही भारतातल्या बहुतेक रस्त्यांच्या जाडीचा पाया आहे. घोडपदेवच्या खालचा काळा चिखल चार दिवस भिजवून या चाचणीत घातला, तर आकडा २ टक्क्यांच्या आसपास येतो. चांगल्या मुरुमाचा त्याच्या कितीतरी पट येतो.

मऊ माती घट्ट करायचा जुना मार्ग चुन्याचा. चुना मातीत मिसळला की मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम निघून कॅल्शियम बसतो, कण गोळा होतात आणि चिखलाची काही तासांत भुसभुशीत माती होते. पुढे महिनोन्‌महिने मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना चुन्याशी एकरूप होऊन सिमेंटसारखे बंध तयार करतात. कोरड्या मातीच्या ३ ते ६ टक्के चुना सहसा पुरतो. चुना शुद्ध हवा, त्यात ७० टक्के तरी कळीचा चुना हवा. बाजारातला हवा खाऊन निवलेला चुना घालणे म्हणजे पांढरी माती घालणे. साध्या मिठाने या कामात फारसे बिघडत नाही, उलट कण गोळा होण्यास ते थोडी मदतच करते. कचऱ्याने बिघडते. भाऊंच्या काळापासून किनाऱ्यावर शहराचा जो केर पडला, त्यातला कुजलेला भाग चुन्याची क्रिया अडवतो.

पण खरा शत्रू सल्फेट. सल्फेट, चुना, मातीतली अॅल्युमिना आणि पाणी हे चौघे एकत्र आले की एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. त्याच्या प्रत्येक रेणूत पाण्याचे २६ रेणू बांधले जातात. म्हणजे घट्ट करायला घातलेल्या चुन्यानेच जमीन फुगते. अमेरिकेत लास वेगास शहराच्या स्ट्युअर्ट अॅव्हेन्यूवर १९७० च्या दशकात हेच झाले. चुन्याने पक्का केलेला थर दोनेक वर्षांत वर उचलला गेला आणि रस्ता फुटला. जेम्स मिचेल या मृदा-अभियंत्याने त्याची चिकित्सा केली तेव्हा जगभरच्या रस्तेवाल्यांना जाग आली. आपल्याकडे रस्तेबांधणीच्या केंद्रीय विनिर्देशांत आहे ते असे: दुप्पट पाण्यात माती ढवळून काढलेल्या अर्कात लिटरमागे १.९ ग्रॅमपेक्षा जास्त सल्फेट निघाले, तर ती माती काँक्रीटच्या किंवा सिमेंटने बांधलेल्या थराच्या अर्ध्या मीटरच्या आत टाकायची नाही. आणि ज्या मातीतले क्षार झिरपून निघून जातील, ती भरावात वापरायचीच नाही.

या ठिकाणी एक बाब मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण ती कागदावर क्वचित येते. चरात आला तो सडक्या अंड्याचा वास गंधकाचा. हवा नसलेल्या चिखलात गंधक सल्फाइडच्या रूपात झोपलेले असते. तोच चिखल उपसून उन्हात पसरला, काही आठवडे हवा लागली, की काळा रंग तपकिरी होतो आणि सल्फाइडचे सल्फेट होते. म्हणून खणल्या दिवशी केलेली तपासणी चांगली येते आणि महिन्याभराने त्याच मातीने दगा दिलेला असतो. उपसलेला चिखल भरावाला वापरायचा असेल, तर सुकवून पुन्हा तपासावा लागतो. माझ्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळात एका कामावर आम्ही हे केले नाही. पहिल्या दिवसाचा अहवाल जोडला, चुना मिसळला, रोलर फिरवला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्या तुकड्यावर माझ्या पावलाच्या रुंदीएवढा उंचवटा आला होता. त्या दिवसापासून बेरियम क्लोराइडची बाटली माझ्या पिशवीत असते. थेंब टाकला आणि पाणी दुधाळ झाले की सल्फेट आहे. सिल्व्हर नायट्रेटची दुसरी बाटली मिठासाठी. दुसरीचा उपयोग मी मातीपेक्षा टँकरच्या पाण्यावर जास्त केला. दबाई करताना टँकरने खाऱ्या बोअरचे पाणी मारले, तर चांगल्या मुरुमातही आपण स्वतः मीठ पेरतो.

सल्फेट जास्त असेल तर मार्ग आहेत. पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या मळीची पूड चुन्याबरोबर घातली की फुगणे बरेच आटोक्यात येते. चुना दोन हप्त्यांत घालून मध्ये काही दिवस माती ओली झाकून ठेवली, तर स्फटिकांना फुगायचे ते दबाईच्या आधी फुगून घेतात. पण बहुतेक वेळा सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच असतो: रस्ता उंच उचला, खाली जाड खडीचा थर द्या, चिखल खडीत चढू नये म्हणून मध्ये कापड घाला, गटारे मोकळी ठेवा. मुंबईत पावसाळी उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. भरतीच्या वेळी गटारातून पाणी बाहेर पडण्याऐवजी आत येते, आणि रस्त्याखालची वात पुन्हा भिजते.

मुरुमाला आमच्याकडे शास्त्राचा आधार मिळवून दिला तो पवईच्या आयआयटीतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी. त्यांचे मुख्य काम काळ्या कापसाच्या जमिनीवर. अशा फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकट मातीचा पुरेसा जाड थर घातला तर खालचे फुगणे दबते, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनी दाखवले आणि ते पुढे भारतीय मानकांत आले. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, काळी माती आणि खारेपण दोन्ही एकत्र भेटतात. तिथल्या आणि आमच्या अडचणी बहिणी-बहिणी आहेत. आमच्याकडे समुद्र आहे, त्यांच्याकडे विहिरीतच समुद्र.

गेल्या काही दशकांत पोर्टाचे चित्र फार बदलले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा सुरू झाले आणि कंटेनर तिकडे गेले. तिकडचा चिखल आमच्यासारखाच, आणि त्यातून पाणी काढायला त्यांनी प्लास्टिकच्या उभ्या वाती जमिनीत घातल्या, वर भराव टाकून दाबले. इकडे पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि बंदराच्या रस्त्यांच्या डोक्यावरून खांबांवर गेला. खांबांचा भार चिखलाखालच्या खडकावर. २०२४ मध्ये शिवडीच्या चिखलावरून अटल सेतू गेला. २०२१ च्या कायद्याने पोर्ट ट्रस्टचे नाव मुंबई बंदर प्राधिकरण झाले. घोडपदेवचे लोक अजून 'बीपीटी'च (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) म्हणतात.

खांबांवरून जाणारे रस्ते खडकाला टेकले, त्यांची काळजी नाही. खाली जमिनीवरचे रस्ते मात्र अजून त्याच चिखलावर आहेत. सुमारे १,८०० एकरांच्या या पूर्व किनाऱ्याच्या नव्या विकासाचे आराखडे होत आहेत. बागा, इमारती, चौपाटी यांच्या चर्चा वर्तमानपत्रांत येतात. रस्त्याखाली काय आहे याची चर्चा क्वचितच होते. आणि ती माहिती कुठे आहे? काही अहवालांत, काही धूळ खात पडलेल्या फायलींत, आणि बरीचशी निवृत्त झालेल्या माणसांच्या डोक्यात. कुठल्या गल्लीत कचऱ्याचा भराव आहे, कुठे राख आहे, कुठे जुना धक्का गाडलेला आहे, हे सांगणारी पिढी आता सत्तरीपुढची आहे.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती. तुमच्या वडिलांनी, काकांनी, तुम्ही स्वतः बंदरात, महापालिकेत किंवा कंत्राटदाराकडे काम केले असेल, आणि घरातल्या ट्रंकेत जुने बोअरचे तक्ते, चरांच्या नोंदवह्या, मातीच्या तपासणीची पत्रके किंवा रस्त्यांचे उभे छेद असतील, तर ते रद्दीत घालू नका. ही स्मरणिका काढणाऱ्या समितीकडे आणून द्या. आम्ही त्यांच्या प्रती काढू, मूळ कागद तुम्हाला परत देऊ, आणि एक संच व्हीजेटीआयसारख्या संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्याचा प्रयत्न करू. ज्यांच्याकडे कागद नाहीत, पण आठवणी आहेत, त्यांनी येऊन नुसते बसावे. आम्ही लिहून घेऊ.